‘अशी ही बनवाबनवी’ : लोकप्रियता आणि तिची कारणे

गेल्या श्रावणात चार दिवस मोहर्लीस राहण्याचा योग आला. चंद्रपूरहून ताडोब्याच्या अरण्यात शिरण्याचे हे मुख्य द्वार. उन्हाळ्यात येथे वाघ पाहावयास आलेल्या मंडळींची इतकी दाटी असते की गावाचे गावपण शोधून काढावे लागते. परंतु पावसाळ्याचे तीन महिने अरण्याचा गाभा बंद राहतो, वाटाडे आणि गाडीवान धानाच्या रोवणीला लागतात, आणि इरई धरणाच्या फुगलेल्या पाण्याकडे पाहत बसण्यावाचून पाहुण्याला दुसरा उद्योग उरत नाही. माझा एक जुना विद्यार्थी या भागात शिक्षक आहे. त्याच्या ओसरीवर एका रात्री भिंतीला पांढरी चादर ताणून ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट लावण्यात आला. घरची मुलेमाणसे, शेजारची दहापाच मंडळी, रोवणीहून परतलेले दोघे वाटाडे, नागपूरहून माझ्याबरोबर आलेले माझे एक वडीलधारे स्नेही (हेही इंग्रजीचेच निवृत्त प्राध्यापक) आणि साहित्यात संशोधन करणारी माझी एक विद्यार्थिनी, एवढा प्रेक्षकवर्ग होता. चित्रपट अर्ध्यावर आला असेल-नसेल तोच पावसाने वीज गेली. पुढचा दीड तास अंधारात जो वाद झाला तो मला फार दिवस पुरला आहे. आणि तो त्या ओसरीपुरताच नसल्यामुळे वाचकांपुढे मांडावयास हरकत नाही असे वाटते.

हा चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला तो १९८८ च्या सप्टेंबरात. किरण शांताराम हे निर्माते, सचिन पिळगांवकर दिग्दर्शक, आणि लेखन वसंत सबनीस यांचे. त्यानंतर पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी मराठीतील उत्तम विनोदी चित्रपट कोणता असे विचारल्यास बहुतेक घरांतून याच नावाने उत्तर येईल. जी मुले तेव्हा जन्मलीही नव्हती ती आज त्यातील वाक्ये तोंडपाठ म्हणतात, आणि भ्रमणध्वनीवर चित्रांसह एकमेकांस पाठवितात. मधुमेहाच्या औषधापायी बुडालेल्या सत्तर रुपयांचा हिशेब, लिंबाच्या रंगाची एक साडी, बायकोची ओळख करून देताना झालेली लिंगाची चूक, यांचा नुसता उल्लेख झाला तरी पंगतीतील पानेच्या पाने हसू लागतात. एवढी कीर्ती या चित्रपटाला शोभते काय, हा वादाचा विषय.

कथा सर्वांस ठाऊक आहे. तरी पुढील विवेचनासाठी तिचा सांगाडा सांगतो. पुण्यात नोकरी करणारा धनंजय माने हा विश्वास सरपोतदार नावाच्या कद्रू घरमालकाकडे भाड्याने राहतो. शंतनू, सुधीर आणि परशुराम हे त्याचे आप्तमित्र त्याच्याच आश्रयास येतात. एकट्यासाठी दिलेल्या जागेत चौघे राहू लागलेले घरमालकाला खपत नाही आणि चौघेही बेघर होतात. लीलाबाई काळभोर या वृद्ध बाईंच्या प्रशस्त घरात जागा आहे, परंतु ती केवळ विवाहित जोडप्यांस द्यावयाची असा त्यांचा नेम. मग सुधीर हा शंतनूची बायको ‘सुधा’ होतो आणि परशुराम धनंजयची बायको ‘पार्वती’ होतो. पुढे चौघांची चार प्रेमप्रकरणे सुरू होतात, आणि एका खोट्याला दुसऱ्याचे ठिगळ लावता लावता शेवटी सगळेच बिंग फुटते.

माझ्या स्नेह्यांचा पहिला आक्षेप असा की, ज्या वस्तूला आपण मराठी विनोदाचा मुकुटमणी म्हणून मिरवितो ती मुळात आपली नव्हेच. हृषीकेश मुखर्जी यांनी १९६६ साली ‘बीवी और मकान’ या नावाने हेच कथानक हिंदीत मांडले होते, आणि त्याच्याही मागे १९५५ चा ‘जय माँ काली बोर्डिंग’ हा बंगाली चित्रपट उभा आहे. आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. आक्षेप मात्र मला कधीच पटलेला नाही. ज्या ‘संशयकल्लोळा’ची गोडी आपण चार पिढ्या चाखीत आलो ते नाटक देवलांनी मर्फी या आयरिश लेखकाच्या १७६१ च्या नाटकावरून घेतले, आणि मर्फीने आपले मोलिएरवरून. दोन घरचे पाणी पिऊन आलेला फाल्गुनराव आपल्याला परका वाटतो काय? अमेरिकेत बिली वाइल्डरने १९५९ साली दोन पुरुषांना स्त्रीवेष देऊन जो चित्रपट काढला आणि जो तिकडे विनोदी चित्रपटांचा आदर्श मानला जातो, त्याचेही बीज १९३५ च्या एका फ्रेंच चित्रपटात आहे. विनोदी कथानके ही सराईतील पाण्याच्या रांजणासारखी असतात. जो येतो तो त्यात आपले भांडे बुडवितो.

किंबहुना या उसनवारीतून माझ्या स्नेह्यांच्या विरुद्धच पुरावा निघतो. हेच कथानक हृषीकेश मुखर्जींसारख्या अधिकारी दिग्दर्शकाने हिंदीत मांडले तेव्हा त्याला ही कीर्ती लाभली नाही. बनवाबनवीनंतर ते १९९१ साली तेलुगूत गेले, २०१४ साली पंजाबीत गेले. कथा तीच, घोटाळे तेच. म्हणजे मराठीत जे घडले त्याचे श्रेय कथानकाच्या पदरात टाकता येत नाही. ते दुसरीकडे कोठेतरी शोधावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित हे मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित हे अधमांचे. “या चित्रपटाला,” माझे स्नेही अंधारातून म्हणाले, “पहिल्या दोन पायऱ्या ठाऊकच नाहीत. हा एकदम पाचवीवर उडी घेतो.” ओसरीवरील मंडळींना भरताशी काही कर्तव्य नव्हते, पण ‘अधम’ हा शब्द सर्वांस समजला आणि क्षणभर शांतता पसरली. आमच्या यजमानाने, आपल्या दोन्ही गुरुजनांची भीड न मोडता, एवढेच म्हटले की, “सर, पस्तीस वर्षे लोक हसत आहेत, ते काय उगीच?”

या उत्तराला आपल्याकडे निर्णायक समजण्याची रीत आहे, आणि मी ते निर्णायक मानीत नाही. गर्दी हा पुरावा असतो, निकाल नसतो. लोक पुष्कळ दिवस पुष्कळ वाईट गोष्टींनाही हसतात. कोणाच्या तोतरेपणाला, लठ्ठपणाला, काळ्या रंगाला मराठी पडद्यावर किती हसून झाले याची यादी करू लागल्यास आपलीच मान खाली जाईल. परंतु भरताचा आधार माझ्या स्नेह्यांनी घेतला तोही अर्धाच. हास्याची कारणे सांगताना भरताने आरंभीच विकृत वेष आणि दुसऱ्याचा वेष-अलंकार यांचा निर्देश केलेला आहे. म्हणजे वेषांतराचे हास्य शास्त्राला अमान्य नाही. ते कशासाठी घातले आहे एवढाच प्रश्न. न. चिं. केळकरांनी ‘हास्यविनोदमीमांसा’ हा ग्रंथ १९३७ साली लिहिला, त्याच्याही तीस वर्षे आधीपासून ते या विषयाचा काथ्याकूट करीत होते. त्यांच्यासारख्या लेखकाला विनोदासाठी एवढा ग्रंथ लिहावासा वाटला, तो विनोद पायऱ्यांवर बसवून मोकळे होता आले असते तर वाटला नसता.

येथपर्यंत वाद कॉलेजच्या विश्रांतिगृहात होतो तसाच झाला. त्याला वेगळे वळण लागले ते शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. वीज जाण्यापूर्वीची एक गोष्ट मला तेव्हा आठवली. सरपोतदार चौघांना घर सोडावयास लावतो त्या प्रसंगी आमची मुले खदखदा हसत होती, आणि हे गृहस्थ मात्र न हसता पुढे वाकून बघत होते. शेजारच्या मुलाने त्यांना कोपराने ढोसले तेव्हा ते म्हणाले होते, “थांब ना रे. याचं घर तं सुटलं. आता हा जाईल कुठं?” पुढे ‘पार्वती’ पडद्यावर आली तेव्हा सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने तेच हसले.

या माणसाचा जन्म ज्या गावी झाला ते गाव आज तेथे नाही. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्रप्रकल्प झाला, आणि पुढे गाभ्यातील नवेगाव, जामणी यांसारखी गावे उठवून बाहेर वसविण्यात आली. त्या धोरणाच्या बऱ्यावाईटाचा विचार करण्याचे हे स्थळ नव्हे. मला एवढेच दिसले की, आम्ही दोघे प्राध्यापक ज्याला प्रहसनाची प्रस्तावना समजून दुर्लक्षीत होतो तोच भाग या प्रेक्षकाने कथेचा पाया म्हणून पाहिला होता. आणि नंतर विचार करता माझी खात्री झाली की तो बरोबर होता.

कारण या चित्रपटातील हास्याला एक कारण आहे, आणि ते कारण हसण्यासारखे नाही. पुरुषाने लुगडे नेसणे ही जुनीच युक्ती. परंतु ती बहुधा थट्टेखातर, पैजेखातर किंवा प्रेमापोटी केलेली असते. अत्र्यांनी ‘चार्लीज आंट’वरून रचलेली ‘मोरूची मावशी’ घ्या. तेथे प्रेयसी घरी येणार म्हणून मावशी हवी असते. मावशी मिळाली नाही तर एक दुपार फुकट जाईल, याहून अधिक अनर्थ नाही. वाइल्डरच्या चित्रपटात जीव वाचविण्यासाठी वेषांतर होते, पण पाठीमागे लागलेले बंदूकवाले आपल्यापैकी कोणी पाहिलेले नसतात. बनवाबनवीत वेषांतराचे कारण डोक्यावरचे छप्पर हे आहे, आणि भाड्याची खोली शोधणे म्हणजे काय हे ज्याने शिक्षणासाठी अगर नोकरीसाठी गाव सोडले त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अवघड करून ठेविले. आमच्या विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा हुकूम होता, त्याचीही तीच तऱ्हा. परिणाम असा की, एकदा आत आलेला माणूस बाहेर जाणार नाही या धास्तीने मालक आत घेतानाच माणसाला शंभर चाळण्यांतून चाळू लागला. सडेफटिंग नको, विद्यार्थी नको, पाहुणे येणारा नको. सरपोतदार हा या कायद्याने घडविलेला प्राणी आहे, आणि सुधीर जोशींनी तो इतका ओळखीचा करून ठेविला की, १९८८ साली ज्याला त्याला आपापला घरमालक पडद्यावर भेटला. बंगालीत हेच कथानक ‘बोर्डिंगा’त घडते, मराठीत ते भाडेकरूच्या खोलीतून सुरू होते. हा फरक लहान दिसतो, पण उसनी वस्तू आपली झाली ती तेथे.

आणि भाषा. वसंत सबनीस हे ‘विच्छा माझी पुरी करा’चे लेखक. तमाशाच्या बतावणीत दोन माणसे एका शब्दाला दोन बाजूंनी धरून ओढतात, आणि शब्द फाटण्याच्या बेतात आला की तिसरीच गोष्ट निघते. सत्तर रुपयांच्या प्रसिद्ध प्रसंगाची घडण नीट पाहावी. घरमालकाने औषधासाठी पैसे दिले आहेत, भाडेकरूने ते खर्चून टाकले आहेत, औषध आणणारा माणूस मेला असे सांगण्यात येते, आणि माणसाबरोबर पैशालाही तीच गती प्राप्त होते. ही शुद्ध बतावणी आहे. फक्त तिला पुण्याच्या जिन्यावर आणून बसविले आहे. त्यात अश्लील अक्षर नाही, कोणाच्या व्यंगावर बोट नाही, आणि तरी मालक-भाडेकरू या नात्यातील सगळा परस्पर अविश्वास दोन मिनिटांत बाहेर पडतो. माझ्या स्नेह्यांना मी विचारले की, हे कोणत्या पायरीवरचे? ते म्हणाले, “एवढे सोडून द्या.” न्यायनिवाड्यात ‘एवढे सोडून द्या’ असे वादीने म्हटले की दाव्याचे काय होते हे मी त्यांस सांगावयास नको होते, पण सांगितले.

अभिनयाकडे वळण्यापूर्वी पुन्हा त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे यावे लागते. तरुणपणी हे खडीगंमतीत स्त्रीवेषाची कामे करीत. झाडीपट्टीत धान कापून झाले की दिवाळीच्या पुढे मंडया भरतात, शंकरपट होतात, आणि रात्रभर नाटके चालतात. वडसा हे त्या नाटकमंडळ्यांचे मोठे ठाणे. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा कोठे पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टीचा पत्ता लागला. ज्या मुलखात पुरुषाने लुगडे नेसून उभी रात्र जागविण्याची परंपरा आहे तेथील प्रेक्षकाला चित्रपटातील दोन ‘बायकां’चे अप्रूप नसते, तो त्यांची परीक्षा करितो. या गृहस्थांचा अभिप्राय मी होता तसा देतो : “एक तं बाईच झाला जी. दुसरा बाई होऊन नाही राहिला. तोच खरा गमतीचा.”

यात जे सांगितले गेले ते मी इतक्या वर्षांत कोणत्या परीक्षणात वाचल्याचे मला आठवत नाही. सचिन यांची ‘सुधा’ नीटस आहे, लाजरी आहे, पदर सावरणारी आहे; ती बालगंधर्वांच्या मार्गाने चालते. त्या मार्गाचे ध्येय भ्रम हे आहे. पुरुष आहे हे विसरावयास लावणे यात त्याची सिद्धी, आणि बालगंधर्वांच्या बाबतीत ती सिद्धी एवढी की कुलीन स्त्रिया त्यांच्या वेषाचे अनुकरण करीत. (बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा आणि हा चित्रपट १९८८ चा, आणि ज्या शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली बालगंधर्वांनी १९३५ साली ‘धर्मात्मा’त पुरुषभूमिका केली, त्यांच्याच चिरंजीवांनी हा चित्रपट काढला. योगायोगापलीकडे यात काही नाही, पण मला तो मौजेचा वाटतो.) लक्ष्मीकांत बेर्डे यांची ‘पार्वती’ दुसऱ्या मार्गाची. ती क्षणभरही पुरती बाई होत नाही. आवाज चढतो आणि मध्येच खाली घसरतो, पाऊल जपून पडते आणि पुढच्याच पावलाला विसर पडतो. आत अडकलेला परशुराम सारखा बाहेर डोकावतो. खडीगंमतीतील स्त्रीवेषही असाच असतो. प्रेक्षकाला एकाच अंगात दोन माणसे दिसली पाहिजेत, आणि दोघांत चाललेली ओढाताण दिसली पाहिजे. सुंदर भ्रमाने मन रमते. हसू येते ते भ्रम फुटू पाहतो तेव्हा. म्हणून ‘सुधा’ पाहताना आपण कौतुक करितो आणि ‘पार्वती’ पाहताना हसतो. दिग्दर्शकाने हे दोन्ही मार्ग एकाच घरात शेजारी ठेविले, यात हेतू असो वा नसो, एकाची लज्जत दुसऱ्याने वाढली आहे.

तथापि या चित्रपटाचा खरा आधारस्तंभ ज्याने वेष बदलला नाही तो आहे. अशोक सराफ यांचा धनंजय माने हा मराठी पडद्यावरील थोड्या परिपूर्ण विनोदी व्यक्तिरेखांपैकी एक होय असे माझे मत आहे. हा माणूस खोटे बोलतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मिस्किलपणा नसतो, पश्चात्तापही नसतो. तेथे हिशेब असतो. महिनाअखेरीस उरलेले पैसे मोजणाऱ्या कारकुनाची मुद्रा आणि त्याची मुद्रा एकच. एक थाप लागू पडली की सुटकेचा निःश्वास टाकण्यापूर्वीच पुढची थाप कोठून आणावी या विवंचनेत तो दिसतो. तो विदूषक नव्हे. तो चार माणसांचा संसार रेटणारा कर्ता पुरुष आहे, आणि संसार रेटण्यासाठी त्याच्यापाशी खोटेपणावाचून भांडवल नाही. बेर्डे जेव्हा फुटू पाहतात तेव्हा सराफ त्यांना झाकू पाहतात, आणि आपण बहुधा झाकणाऱ्याकडे पाहून हसतो. सराफ यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बेर्डे जाऊन वीस वर्षे झाली होती. सिद्धार्थ राय, सुधीर जोशी हेही गेले. पंगतीत वाक्ये म्हणून दाखविणाऱ्या मंडळींना ती कोणी कशी म्हटली होती याची आठवण असते की नाही, कोण जाणे. मला तर दिसते ते असे की वाक्ये घरातून सुटी होऊन बाहेर पडली आहेत आणि आता बेघर हिंडत आहेत. चित्रपटाची कीर्ती आज त्या सुट्या वाक्यांची कीर्ती आहे, आणि तेवढ्यापुरते माझ्या स्नेह्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. घराची गरज भागली की चित्रपटाचा कणा सैल होतो. चार नायक म्हणून चार नायिका, आणि चार नायिका म्हणून त्यांची गाणी, असा हिशेब सुरू होतो. यांपैकी एखादे प्रेमप्रकरण वगळले असते तरी प्रेक्षकाच्या ते ध्यानात आले नसते. अश्विनी भावे यांची माधुरी तेवढी स्वतःच्या पायावर उभी आहे, कारण ती धनंजयच्या पोटापाण्याशी बांधलेली आहे. बाकीच्या तिघी सुंदर आहेत एवढेच. डोहाळजेवणाचा प्रसंग मात्र उत्तरार्धात असूनही रंगतो, आणि त्याचे कारण पुन्हा तेच : तेथे खोटे उघडे पडले तर घर जाणार आहे. शेवटी बिंग फुटल्यावर सर्वांना जी क्षमा मिळते ती फार स्वस्त आहे. एका एकट्या वृद्ध बाईने विश्वासाने दार उघडले आणि तिला चौघांनी मिळून फसविले, ही गोष्ट कथेनेच आणली. तिचा मोबदला न देता कथा हसत हसत निघून जाते.

माझी विद्यार्थिनी इतका वेळ बोलली नव्हती. तिचा आक्षेप आम्हां दोघांच्याही पलीकडचा होता. ती म्हणाली, “सर, या चित्रपटात घर न मिळण्याचे कारण एकच, लग्न झालेले नसणे. ते खोटे लुगडे नेसून भागते. आमच्याकडे घरमालक लग्नाचे विचारत नाही, आडनाव विचारतो. त्याला काय नेसावे?”

ओसरीवर कोणी काही बोलले नाही. मलाही उत्तर सुचले नाही, आणि न सुचण्याचे कारण माझ्यापाशी होते. १९८८ साली हा चित्रपट नागपुरास लागला तेव्हा मी पदवीच्या पहिल्या वर्षास होतो, आणि ज्या मित्राबरोबर मी तो पाहिला त्याच्यासह त्याच महिन्यात मी खोल्या शोधीत हिंडत होतो. एका घरी जागा चांगली होती, भाडे परवडणारे होते. मालकांनी आम्हां दोघांची आडनावे विचारली, गावे विचारली, आणि दुसऱ्या दिवशी मला एकट्याला निरोप पाठविला की खोली एकाचीच आहे. ती दोघांची होती हे मी पाहिले होते. मी ती घेतली. मित्राने मला एका शब्दाने विचारले नाही, आणि मीही त्याला काही सांगितले नाही. हे सगळे मला ठाऊक असताना इतकी वर्षे मी वर्गात विनोदाचे विवेचन करीत आलो आहे आणि या चित्रपटाला ‘निरुपद्रवी’ म्हणत आलो आहे.

तेव्हा विद्यार्थिनीचे म्हणणे मी मान्य करितो, आणि ते चित्रपटाची मर्यादा म्हणून नोंदवितो. बनवाबनवीने घरमालकाच्या मनातील शंभर चाळण्यांपैकी सर्वांत सौम्य ती निवडली, जी सर्वांसमोर बोलता येते ती. पुण्याच्या वाड्यांतून आणि नागपूरच्या वस्त्यांतून दाराशी जे खरोखर विचारले जात होते ते त्या पटकथेत कोठेच आलेले नाही. ते आले असते तर लुगड्याची युक्ती चालली नसती आणि चित्रपट पहिल्या अर्ध्या तासातच संपला असता. कदाचित म्हणूनच तो सगळ्या घरांतून सारखा आवडला. ज्यांनी दार लावले त्यांनाही त्यात आपण दिसलो नाही, आपला कंजूषपणा तेवढा दिसला, आणि कंजूषपणाला हसणे सोपे असते.

मात्र एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. चित्रपटगृहात माझा मित्र माझ्यापेक्षा मोठ्याने हसला होता. तो कशाला हसत होता? माझी विद्यार्थिनी म्हणते, दुसरे काय करणार होता. असे असेलही. पण त्याचे हसणे मला आठवते तसे ते नाइलाजाचे नव्हते. ते सरपोतदाराला फसविल्याचे हसणे होते. जणू फसविणाऱ्यांत तोही एक होता, आणि त्या अंधारात तीन तासांपुरते एक घर त्याला मिळाले होते. जो चित्रपट दोन निरनिराळ्या दारांवरून परत आलेल्या माणसांना एकाच घरमालकावर हसू देतो त्याला मी अपहसित म्हणून खाली ढकलणार नाही. आणि जो त्या दुसऱ्या दाराचे नावही काढीत नाही त्याला मुकुटमणीही म्हणणार नाही. माझ्या स्नेह्यांना हा निकाल पळपुटा वाटला. ते म्हणाले, कीर्ती शोभते की नाही, एका शब्दात सांगा. एका शब्दात सांगावयाचे तर, पहिल्या भागाला शोभते. सराफांना शोभते, बेर्ड्यांना शोभते, सबनिसांच्या संवादांना शोभते. लोकांनी जी कीर्ती दिली ती मी काढून घेऊ इच्छीत नाही. फक्त ती सुट्या वाक्यांच्या खिशातून काढून त्या चौघांच्या बेघरपणाकडे न्यावी असे मला वाटते.

रात्री साडेदहाच्या सुमारास वीज आली. मुले तोवर झोपी गेली होती. यजमानाने जेथून थांबले तेथून चित्रपट पुढे लावला, तेव्हा ते शेजारचे गृहस्थ म्हणाले, “तो मंगाचा भाग लावा ना जी. घर सोडाचा.” माझ्या स्नेह्यांनी घड्याळ पाहिले, पण उठले नाहीत. यजमानाने चित्रपट पुन्हा सरपोतदारापर्यंत मागे नेला.